नवरदेवाच्या हातातला अडकित्ता

मला ओळखता येणार नाही अशी जुनी वस्तू वसई-विरारच्या हद्दीत शिल्लक नाही, असा माझा दावा होता. होता म्हणजे पुतण्याच्या लग्नापर्यंत होता. आता तो मी मागे घेतलाय. का घेतलाय हे चारचौघांत कुणी विचारू नये म्हणून इथंच एकदाचं लिहून टाकतो.

आधी त्या दाव्याचं भांडवल सांगू द्या, नाहीतर तुम्ही मला नुसता बाताड्या समजाल. बाताड्या मी आहेच, पण नुसता नाही. मी बत्तीस वर्षं एका कारखान्यात टूलरूमचा स्टोअरकीपर होतो. कामगार खिडकीशी यायचा, आपला पितळी बिल्ला सरकवायचा आणि हत्याराचं नाव सांगायचा. मी बिल्ला खिळ्याला अडकवायचो आणि हत्यार त्याच्या हातात द्यायचो. संध्याकाळी हत्यार परत, बिल्ला परत. अशी शेकडो हत्यारं माझ्या हातून गेली. नावं, मापं, कुठलं कुठल्या फळीवर, सगळं तोंडपाठ. फक्त त्यातलं एकही मी कधी चालवलं नाही. घरी भिंतीत खिळा ठोकायचा झाला तर आमची ही ठोकते. मी स्टूल धरतो आणि तिनं हातोडी चुकीची घेतलीय हे सांगतो.

निवृत्त झाल्यावर आम्ही नायगावला एका टॉवरमध्ये राहायला आलो. सगळी तरुण बिऱ्हाडं. कुणी गावाकडचं घर रिकामं करतं, कुणी आजोबांची पेटी उघडतं, आणि त्यातून असं काहीतरी निघतं की ज्याचं नाव कुणाच्या बापाला सांगता येत नाही. मग सोसायटीच्या ग्रुपवर फोटो येतो आणि खाली प्रश्न असतो, "काका, हे काय असेल?" काका म्हणजे मी. एकदा एका मुलानं पितळेची चपटी डबी आणली, आत चामड्याचा छोटा रूळ. मी म्हटलं, दाढीच्या पात्याला धार लावायचं यंत्र आहे, आणि ते खरोखरच तेच निघालं. त्या दिवसापासून माझा भाव वधारला. लिफ्टमध्ये लोक सरकून मला जागा देऊ लागले.

वस्तू ओळखायची माझी एक पद्धत होती. आधी चष्मा पुसायचा. मग वस्तू हातावर तोलायची, वास घ्यायचा, बिजागरी असली तर दोनदा उघडझाक करायची आणि "हं" म्हणायचं. एवढ्यात समोरच्याच्या चेहऱ्यावरून कळतं की त्याला काय ऐकायला आवडेल. निम्म्या वेळा मला उत्तर ठाऊक असायचं. उरलेल्या निम्म्या वेळा मी ते ठरवायचो. चौथ्या मजल्यावरच्या बाईंच्या सासूबाईंच्या पेटीत दांडा असलेला एक गोल गुळगुळीत लाकडी ठोकळा निघाला. मी बेधडक सांगितलं, "ही लहान मुलांची रवी. पूर्वी मुलांना लहानपणापासून ताक घुसळायला शिकवत." पुढे कळलं, फाटका मोजा रफू करताना आत घालायचा ठोकळा होता तो. पण तोवर त्या रवीची काचेच्या कपाटात स्थापना झाली होती, आणि कुणाची श्रद्धा मोडणं माझ्या स्वभावात नाही.

"माहीत नाही म्हणायला काय जातं हो तुमचं?" ही विचारायची.

"अब्रू," मी म्हणायचो.

आता दादाबद्दल. दादा माझा थोरला भाऊ. वसईतलं आमचं मूळ घर आणि वाडी त्यानं सांभाळली. केळी, पानवेल, थोडा मोगरा, चार सोनचाफे. मी पाचवीपासून दादरला मामाकडे शिकायला होतो आणि दादा सातवीतून उठून वडिलांच्या मागं रहाटाच्या बैलांवर. त्यामुळे घरात शिकलेला कोण आणि अडाणी कोण, याची वाटणी फार लवकर झाली आणि आम्ही दोघांनी ती निमूट मान्य केली. बँकेत, कचेरीत, सोयरिकीच्या बैठकीत मी बोलायचो आणि दादा शेजारी टोपी मांडीवर ठेवून बसायचा. त्यानं तोंड उघडलं की मी हात वर करायचो, "दादा, थांब, मी सांगतो." तो थांबायचा. दादा अजून घरची बोली बोलतो, आमच्या वाडीतल्या लोकांची. माझी ती दादरला जी सुटली ती सुटलीच. म्हणून इथं त्याचं बोलणं मी माझ्या मराठीत लिहितोय. म्हणजे बघा, इथंही त्याच्या वतीनं मीच बोलतोय.

दादा-वहिनींना लग्नानंतर चौदा वर्षांनी मुलगा झाला. एकुलता एक, नवसाचा. त्याचं लग्न ठरलं तेव्हा वहिनी आनंदानं दिवसातून तीनदा रडायच्या. मुलीकडचे मूळ साताऱ्याकडचे, आता नालासोपाऱ्यात फ्लॅट घेऊन राहिलेले. साधी, मोकळी माणसं.

तर मुलीचे आईवडील याद्या करायला आले, तो रविवार. याद्या म्हणजे देण्याघेण्याचं, मानपानाचं, कुणी काय आणायचं ते कागदावर घ्यायचं, म्हणजे ते अर्थातच मी घेत होतो. वहिनींनी सगळ्यांपुढे घरच्या केळ्यांची वाळवलेली सुकेळी ठेवली होती. मागं विहिरीशेजारची जुनी खोप मांडवासाठी रिकामी करणं चाललं होतं. पुतण्या तिथून गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आला. गोणपाट सोडलं. आत तेल चोपडलेली एक लोखंडी वस्तू. दोन लांब दांडे, पुढे जाडजूड जबडा, मध्ये दुहेरी बिजागरी. कोपरापासून मनगटापर्यंत भरेल एवढी लांबी आणि वजन चांगलं दीड किलो. जबड्याच्या दोन्ही कडांना बारीक उंचवटे. धार मात्र कुठंच नाही.

"काका, हे काय आहे?"

दादा चटकन उठला. "अरे, ते कुठं सापडलं? ते इकडे दे, ते म्हणजे..."

मी हात वर केला. "दादा, थांब. तुझं वाडीतलं काम वेगळं. हे यंत्र आहे, यातलं तुला काय कळतंय?"

असं मी म्हणालो. व्याह्यांच्या देखत, हसत हसत. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, हेच मुद्दाम सांगतोय.

मग मी चष्मा पुसला. वस्तू तोलली, वास घेतला, जबडा दोनदा उघडून मिटला. "हं," म्हणालो. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मुलीच्या आईची नजर कौतुकानं भरलेली होती, आणि कौतुकाची नजर दिसली की माझं डोकं नेहमीपेक्षा जोरात चालतं.

"अडकित्ता," मी जाहीर केलं.

"एवढा मोठा?" मुलीचे वडील म्हणाले.

"मग! पूर्वी आमच्या वाडीत सुपारीची झाडं होती. ती सुपारी म्हणजे दगड. ती काय तुमच्या त्या पितळी पोपटाच्या अडकित्त्यानं फुटणार? दांडे लांब, म्हणून जोर जास्त. हे उंचवटे दिसतायत? सुपारी घरंगळून जाऊ नये म्हणून. आणि धार म्हणाल, तर ती तीन पिढ्यांनी सुपारी खाऊन खाऊन झिजवलीय."

माझं बोलणं ऐकून मलाच पटलं. इतकं चांगलं मी क्वचितच बोललो असेन.

"अगबाई!" मुलीची आई म्हणाली. "पूर्वजांची वस्तू आयती हाताला आली. मग हाच द्या की नवरदेवाला!"

आमच्याकडे हळद लागली की नवऱ्याच्या हातात लिंबू लावलेली कट्यार नाहीतर अडकित्ता देतात. अंगाला ओली हळद असलेल्या माणसाला बाहेरची बाधा लवकर होते म्हणतात. हातात लोखंड असलं की काही जवळ येत नाही. एकदा हातात घेतला की अक्षता पडेपर्यंत खाली ठेवायचा नाही. वहिनींनी लगेच डोळ्यांना पदर लावला आणि त्या वस्तूला हळदीकुंकू वाहिलं. दादा अजून तोंड उघडं ठेवून उभा होता. मग त्यानं ते मिटलं आणि "केळींना पाणी सोडायचंय," म्हणून मागच्या दारानं निघून गेला.

"भावुक झाला," मी व्याह्यांना सांगितलं.

पुतण्या तर त्या अडकित्त्याच्या प्रेमातच पडला. घासूनपुसून त्यानं तो आरशासारखा चकचकीत केला. चिंचोटीला फोटो काढायला गेले तेव्हा तो बरोबर नेला. धबधब्याला तेव्हा नळाएवढंच पाणी होतं, पण फोटो झकास आले. एकात त्यानं अडकित्ता छातीशी धरलाय आणि नवरी त्याच्याकडे लाजून बघतेय. तो फोटो समोर आला की मी अजून फोन उलटा ठेवतो.

हळदीच्या दिवशी एक अडचण आली. लिंबू टोचायला अडकित्त्याला टोक नव्हतं. मग लिंबू जबड्यात धरायचं ठरलं. पण पुतण्यानं उत्साहात दांडे जरा आवळले की लिंबू चिरडायचं आणि रस त्याच्या धोतरावर. संध्याकाळपर्यंत सात लिंबं खर्ची पडली. "जबरदस्त पकड आहे, काका!" तो म्हणाला. "पूर्वीचं काम!" मी म्हणालो. आणि त्याचा एक सुरेख फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "आमचा पिढीजात अडकित्ता. ओळखा पाहू!" म्हटलं, जरा कळू दे लोकांना, माझं ज्ञान हे काही आजचं नाही, रक्तातच आहे.

लग्न दुसऱ्या दिवशी दुपारी, घरच्याच अंगणात. सकाळी आठला मी चहा घेत बसलो होतो तेव्हा फोन आला. आमच्या टॉवरमधली सातव्या मजल्यावरची मुलगी, जनावरांची डॉक्टर आहे.

"काका, त्या फोटोत नवरदेवाच्या हातात काय आहे?"

"ओळख की! अडकित्ता."

 पलीकडून असा आवाज आला की मला वाटलं पोरीला ठसका लागला.

"काका, तुमच्या घरी पूर्वी बैल होते का हो?"

"रहाटाला होते. का गं?"

"मग तो बैल खच्ची करायचा चिमटा आहे."

मी कप खाली ठेवला. तिनं बिचारीनं डॉक्टरी भाषेत, मधूनमधून हसू दाबत, सगळं समजावून सांगितलं. धार नसते कारण वरची कातडी कापायची नसते. फक्त आतली नस चेचायची असते. आणि कडेचे उंचवटे असतात ते ती नस घरंगळून बाजूला जाऊ नये म्हणून. म्हणजे उंचवट्यांच्या बाबतीत मी बरोबर होतो. फक्त ती सुपारी नव्हती.

मी हिला बाजूला घेऊन सांगितलं. तिनं आधी कपाळावर हात मारला, मग "अति शहाणा त्याचा बैल रिकामा," म्हणाली आणि तोंडात पदर कोंबून भिंतीकडे वळली. तिचे खांदे हलत होते.

"हसतेस काय? म्हातारा येतोय!"

म्हातारा म्हणजे नवरीचे आजोबा. ते खास लग्नासाठी साताऱ्याकडून आले होते आणि वऱ्हाडाबरोबर दहाच्या सुमारास मांडवात पोचणार होते. उभा जन्म बैलांत काढलेला माणूस. आमच्या गावात बैल जाऊन जमाना झाला, ज्यांनी ते हाकले ते बहुतेक भिंतीवर फोटोत जाऊन बसलेत, म्हणून आजवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. पण हा म्हातारा पाच पावलांवरून ओळखणार होता. त्यानं ओळखलं की घटकेत मांडवभर होणार, आणि मग माझ्या पुतण्याला जन्मभर गावात नावानं कुणी हाक मारणार नाही. दादाला कधी कुणापुढे खाली मान घालावी लागली नव्हती. ती आता व्याह्यांपुढे, मुलाच्या लग्नात, माझ्यामुळे घालावी लागणार होती. हे डोक्यात आलं आणि मला खरंच घाम फुटला.

"सरळ जाऊन सांगा, चुकलं म्हणून," ही म्हणाली. "दोन मिनिटांचं काम."

"आधी बदलून बघतो," मी म्हणालो. माझं तोंड तेवढं एक वाक्य सोडून काहीही बोलायला तयार होतं.

स्वयंपाकघरातला रोजचा पितळी अडकित्ता मी खिशात टाकला आणि पुतण्याच्या खोलीत गेलो. मुंडावळ्या बांधून तो पाटावर बसला होता. वहिनी शेजारी.

"आण रे तो जरा," मी म्हणालो. "तेल घालून देतो."

"आत्ताच घातलं, काका. बघा कसला स्मूथ चालतोय!" आणि त्यानं तो माझ्यासमोर कचकन दोनदा मिटला. मी आपोआप एक पाऊल मागं सरलो.

मग मी खिशातला बाहेर काढला. "एवढं जड किती वेळ धरणार? हा घे. सुबक आहे, फोटोतही छान दिसेल."

"भाऊजी, काहीतरीच काय!" वहिनी म्हणाल्या. "हळद लागल्यावर हातातलं लोखंड सोडायचं नसतं. आणि पितळ कसं चालेल? रात्री उशाशी घेऊन झोपलाय तो. पूर्वजांची वस्तू आहे, तुम्हीच सांगितलंत ना?" त्यांनी तो चिमटा हातानं शिवून हात कपाळाला लावला. "याच्याच पुण्याईनं आता घरात पाळणा हलू दे."

मी शेवटचा उपाय काढला. "लिंबू सुकलंय. बदलून आणतो." पुतण्या म्हणाला, "इथंच बदला." एक दांडा त्यानं धरला, एक मी धरला. मी ओढायला लागलो, तो सोडेना. "काका, काय करताय?" "तू सोड ना जरा!" या गडबडीत दांडे आवळले गेले आणि आख्ख्या लिंबाचा रस माझ्या डोळ्यांत उडाला. मी डोळे चोळत "पाणी, पाणी" करत असतानाच बाहेर बसचा हॉर्न वाजला. वऱ्हाड आलं.

नवरदेवाला मांडवात आणलं. डोळे पुसत मी मागोमाग. आजोबा सगळ्यांत पुढे होते. उंच, सडसडीत, लाल फेटा, हातात नारळ. नातजावयाला आशीर्वाद द्यायला म्हणून सरळ त्याच्यासमोर आले, नारळ दिला, आणि त्यांची नजर खाली गेली. त्यांनी चिमट्याचा जबडा हातात धरला. वाकून बघितला. कडेच्या उंचवट्यावरून अंगठा फिरवला. पुतण्यानं अजून दांडे सोडले नव्हते, उलट कौतुक होतंय असं वाटून हसत होता.

"आरं तिच्या मारी!" आजोबा म्हणाले. "ह्ये नवऱ्याच्या हातात कुनी दिलं?"

बँडवाले नेमके चहाला गेले होते, त्यामुळे ते सगळ्या मांडवाला ऐकू गेलं. वहिनी पुढे झाल्या. मुलीची आई माझ्याकडे बघायला लागली, मग मुलीचे वडील. मी तोंड उघडलं. "चुकलं" हा शब्द गळ्यापर्यंत आला आणि तिथंच फतकल मारून बसला. 

"मी दिलं."

दादा होता. आचाऱ्याकडून येत होता, पंच्यानं हात पुसत.

"तुमी?" आजोबांनी त्याला खालीवर न्याहाळलं. "ह्ये काय हाय, ठावं हाय का?"

"ठाऊक आहे. बैल बडवायचा चिमटा. आमच्या वडिलांचा. अख्ख्या गावाचे गोऱ्हे या चिमट्याखाली गेलेत. मी स्वतः त्यांचे पाय धरलेत."

 पुतण्यानं हातातल्या वस्तूकडे पाहिलं, मग बापाकडे पाहिलं, आणि त्याचे दोन्ही गुडघे आपोआप एकमेकांजवळ आले.

"मग?" आजोबा म्हणाले.

"मग काय," दादा म्हणाला. "तुमची नात आमच्या घरात येतेय. मुलगा माझा एकुलता, लाडावलेला. म्हणून लग्नाआधी एक दिवस, एक रात्र हे त्याच्या हातात दिलं. म्हटलं, वजन कळू दे. पोरीशी नीट वागला तर उत्तम. नाही वागला, तर हत्यार घरातच आहे, आणि बापाला चालवता येतं."

 आजोबा असे हसले की फेटा कानावर आला. त्यांनी दादाला मिठीच मारली. "आसा व्याही मिळाया नशीब लागतं!" म्हणाले. सगळा मांडव हसायला लागला. बायका तोंडाला पदर लावून, पोरं उघड. "त्या रविवारी तुम्ही का गप्प राहिलात ते आत्ता कळलं," म्हणत मुलीची आई तर दादाच्या पायाच पडली. वहिनींचा चेहरा आधी पांढरा झाला होता, मग त्याही हसल्या आणि हसता हसता रडल्या. आत खोलीतून नवरीनं निरोप पाठवला, "अक्षता पडल्या की चिमटा माझ्याकडे द्या." बँडवाले धावत आले आणि काय झालंय ते न कळताच वाजवायला लागले.

मुहूर्त साधला. अक्षता पडल्या. माझ्या डोळ्यांतून लिंबाचं पाणी अजून येत होतं, आणि लोकांना वाटलं काका भावुक झाले.

पंगतीत मी दादाशेजारी बसलो. येणारा जाणारा थांबून दादाला म्हणत होता, "दादा, काय बोललात!" गावच्या मंडळींनी त्याला एवढं बोलताना कधी ऐकलंच नव्हतं. आणि मी खरं सांगून टाकायची सोयही उरली नव्हती. मी चूक कबूल केली असती तर दादाचं बोलणं खोटं ठरलं असतं, आणि त्याचं खोटं माझ्या खऱ्यापेक्षा शंभर पटीनं चांगलं होतं. मी मुकाट भात कालवला.

"तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?" मी हळूच विचारलं.

"माहीत नसायला काय झालं? पाय धरलेत ना मी."

"मग मला सांगायचंस ना! इतके दिवस होते."

"दोनदा आलो होतो सांगायला. एकदा तू फोनवर होतास. एकदा म्हणालास, दादा, तू मांडवाचं बघ, बाकीचं मी बघतो." त्यानं वरणाची वाटी भातावर रिकामी केली. "हळदीला म्हटलं, राहू दे. हिनं त्याची पूजा केलेली. लोखंड ते लोखंड."

"पण त्या रविवारी, याद्यांच्या वेळी, तिथल्या तिथं का नाही बोललास? नुसतं म्हणायचंस, हा म्हणतो ते खोटं आहे."

दादानं घास खाल्ला, पाणी प्यायला. त्याला उत्तर द्यायची घाई कधीच नसते.

"पाहुण्यांसमोर एक भाऊ अडाणी ठरलाच होता," तो म्हणाला. "दुसऱ्यालाही कशाला ठरवायचं?"

तो रागानं बोलला असता तर बरं झालं असतं. वाटाण्याच्या उसळीत मीठ कमी पडलंय, अशा सुरात बोलला. माझे कान तापले. यातलं तुला काय कळतंय, हे माझंच वाक्य मला माझ्याच आवाजात ऐकू आलं. लाज वाटली मला, खरीखुरी, अशी शाळेत छड्या खाऊनही कधी वाटली नव्हती. वाढपी जिलबी वाढून पुढे गेला. 

"दादा," मी शेवटी म्हणालो, "चुकलं माझं."

दादानं जिलबीचा तुकडा मोडला. जरा थांबला, खरोखरच विचारात पडल्यासारखा. मग त्यानं माझ्याकडे वळून विचारलं, "कधीचं म्हणतोस?"